दादांचा झाडू

आमच्या घरात झाडूला हात लावायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि तो माणूस शहात्तर वर्षांचा होता. शेजारच्या वत्सलाबाईंनी यावरून मला काय काय ऐकवलं! म्हाताऱ्या बापाला राबवते, कोर्टात नोकरी आहे म्हणून माज आलाय, एक ना दोन. मी काय सांगणार कपाळ? त्यांना वाटायचं, मी झाडत नाही. खरं तर मला झाडू मिळतच नव्हता.

माझे वडील बन्सी. मी त्यांना दादा म्हणते, म्हणून माझा मुलगा सौरभही दादाच म्हणतो, आणि जावई असून अनिलसुद्धा. उंची बेताची, आवाज शाळेच्या घंटेसारखा. सिरसाळ्यातल्या एका शाळेत ते अठ्ठावीस वर्षं शिपाई होते. माझी आई पारूबाई सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हा दादा एक पत्र्याची पेटी, बाबासाहेबांचा फोटो आणि स्वतःचा झाडू घेऊन बीडला आमच्याकडे राहायला आले. हो, झाडू! एसटीत मांडीवर धरून आणला होता.

"दादा, बीडमध्ये झाडू मिळत नाहीत का?" मी म्हटलं.

"मिळतेत की. पर हाताला बसल्याला न्हाई मिळत."

दुसऱ्या दिवसापासून घराचा केर त्यांच्याकडे गेला. सकाळी साडेपाचला उठणार, दार उघडणार आणि आतल्या खोलीपासून सुरू करणार. संध्याकाळी पुन्हा एकदा. बरं, कुणी मध्ये बसलेलं असलं तर 'सरक' म्हणायचे नाहीत. नुसते झाडू हातात धरून, वाकून तसेच उभे राहायचे. सौरभ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला, दादा त्याच्या पायांशी वाकलेले. एक मिनिट, दोन मिनिटं. शेवटी मीच ओरडायची, "अरे पाय उचल की मेल्या!" मग तो पाय उचलायचा आणि दादा पुढे झाडत जायचे. असं रोज. मला वाटायचं, म्हातारपणाची एक खोड.

तशी खोड जुनीच. मी लहान होते तेव्हा आमच्या घरात नियम होता की पोरीनं पुस्तक धरायचं, झाडू धरायचा नाही. आईनं भांडी घासायला हाक मारली तर दादा म्हणायचे, "बसू दे तिला." आणि केर तर आईलाही काढू द्यायचे नाहीत. शाळेचे अकरा वर्ग झाडणारा माणूस कामावर जायच्या आधी घरही झाडायचा. मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील झाडतात. दुसरीत एका मैत्रिणीला तसं विचारलं, तर ती आठवडाभर मला बघून हसत होती.

बारावीनंतर मी औरंगाबादला हॉस्टेलवर गेले. तिथं काय झालं ते मी दादांना अठ्ठावीस वर्षं सांगितलं नाही. ते पुढं येईलच.

आता सौरभचं ऐका. एकुलता एक. मी कोर्टात, अनिल वीज मंडळात, आणि घरी लाड करायला दादा. पोराला पाण्याचा ग्लाससुद्धा हातात मिळायचा. दहावीला ब्याण्णव टक्के पडले. सगळे जातात तसा तोही लातूरला क्लासला गेला, आणि एकोणिसाव्या दिवशी परत आला. सणाची मेस बंद होती तर दोन दिवस बिस्किटांवर काढले होते. ओले कपडे तसेच घालून अंगभर पुरळ उठलेलं. मध्ये एकदा फोनवर विचारलं होतं, "आई, कपडे धुतल्यावर पिळायचे असतात, का तसेच वाळत टाकायचे?" मी हसले होते. नव्हतं हसायला पाहिजे. माझ्या पोराला तिकडं ताप होता आणि मी इकडं ऑफिसात हा विनोद म्हणून चौघींना सांगत होते. आजही आठवलं की स्वतःचा राग येतो.

परत आल्यापासून तो बदलला. कुणी 'लातूर' शब्द काढला की उठून आत जायचा. बारावी बीडमध्येच केली. आणि गेल्या वर्षी जुलैमध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागला. चांगलं कॉलेज, हवी ती शाखा. आम्ही पेढे आणले. सौरभनं पेढा हातात घेतला आणि म्हणाला, "मी नाही जाणार. मला नाही जमत बाहेर. इथंच बीएस्सी करतो."

अनिलनं समजावलं, मी ओरडले, रडले. पोरगं खाली मान घालून बसलं. दादा टीव्ही बघत होते. त्यांनी टीव्ही बंद केला.

"कॉलेज कवा सुरू हाय?"

"एकतीस दिवसांनी," अनिल म्हणाला.

"लई झाले," दादा म्हणाले. "काय बे, एकतीस दिस मला देशील का? मग न्हाई जमलं तर नको जाऊ. मीच सांगतो तुझ्या आईला."

सौरभ हो म्हणाला. मला वाटतं, फक्त आमची कटकट थांबावी म्हणून म्हणाला.

दादांनी त्याच पत्र्याच्या पेटीतून जुनी वही काढली आणि कामं लिहिली. रोज एक काम. शिकवायची पद्धतही त्यांचीच: पहिल्यांदा बघायचं, दुसऱ्यांदा बिघडवायचं, तिसऱ्यांदा करायचं. बिघडवणं सक्तीचं होतं. भात करपवल्याशिवाय पुढचा धडा नाही. सौरभनं भात असा करपवला की कुकर दोन दिवस भिजत पडला, आणि दादा कौतुकानं म्हणाले, "ह्या वासाला वळखून ठेव. ह्यो वास यायच्या जरा आधी गॅस बंद करायचा असतो."

कॉलर आधी घासायची, मग बाकीचा शर्ट. बटण लावताना दोरा बटणाखाली तीनदा गुंडाळायचा. सिलिंडर बदलल्यावर साबणाच्या पाण्यानं फेस येतो का बघायचं. गळक्या नळाचा वायसर. सायकलचं पंक्चर. ताप आला तर काय खायचं आणि किती तापाला डॉक्टरकडं जायचं. घरातल्या ट्यूबचं स्टार्टर दादांनी मुद्दाम काढून ठेवलं आणि आम्ही दोन दिवस अर्ध्या उजेडात जेवलो, कारण सौरभला ते सापडेपर्यंत कुणी बोलायचं नव्हतं. वीज मंडळाच्या माणसाच्या घरात अंधार! अनिल नुसता दात-ओठ खात बसला होता.

भाकरीच्या दिवशी मात्र मजा झाली. पोरानं भाकरी थापली, ती फाटली. पुन्हा थापली, पुन्हा फाटली. शेवटी जी तव्यावर पडली ती एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं कच्ची. दादांनी ती घेतली, ठेचा लावला आणि सगळी खाल्ली.

"दादा, कच्ची आहे," सौरभ म्हणाला.

"असू दे. ऱ्हायलेली पोटात शिजंल."

सौरभ हसला. दोन वर्षांत असा हसला नव्हता. मी शेजारी कांदा चिरत होते, माझे डोळे भरून आले. म्हटलं, कांदा लागला.

विसाव्या दिवशी अनिलनं खोली ठरवून आणली. कॉलेजचं हॉस्टेल मिळालं नव्हतं, म्हणून तीन मुलांत एक खोली. एक शिरूर कासारचा अभिमन्यू. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, पोरगं नवव्या वर्षापासून स्वतःची भाकरी स्वतः भाजून शिकलेलं. दुसरा आमच्याच गावचा, सिरसाळ्याजवळचा.

"विजयसिंह नाव आहे," अनिल म्हणाला. "बद्रीनाथरावांचा नातू."

दादा बटण लावत होते. त्यांची सुई थांबली. बद्रीनाथराव म्हणजे गावातलं मोठं घर, शंभर एकराचं. दादांच्या वर्गात होते, एवढं मला माहीत होतं.

"चांगलं घर हाय," दादा म्हणाले, आणि सुई पुन्हा चालू झाली.

पण त्या दिवसापासून त्यांचं चित्त ठिकाणावर राहिना. मीठ दोनदा टाकायला लागले. मी वही चाळून बघितली, तर एकतीस कामं लिहिलेली, पण त्यात झाडणं नाही. म्हटलं, विसरले असतील.

"दादा, केर काढायचं राहिलं की."

"ते न्हाई शिकवायचं."

"म्हणजे? तिघं मुलं एका खोलीत राहणार. केर कोण काढणार?"

"त्येच म्हणायलो मी," दादा म्हणाले. "केर कोण काढणार?"

मला कळेना. मी दिवसभर लोकांची भांडणं टाइप करते, त्यामुळं घरच्या भांडणात आपण हरत नाही असा माझा समज. मी सुरूच झाले. म्हटलं, ही तुमची काय खोड आहे? भाकरी शिकवता, बटण शिकवता, मग झाडूनं काय घोडं मारलंय? मला नाही शिकवलंत त्याचं काय झालं ठाऊक आहे?

आणि अठ्ठावीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं. हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात माझा वार आला. झाडू हातात घेतला आणि मी दारापासून आत झाडत गेले. सगळा केर आतल्या कोपऱ्यात, कॉटखाली गोळा झाला आणि मी त्याच्याकडं बघत उभी. खोलीतल्या तिघी पोट धरून हसल्या. 'कुठल्या राजवाड्यातनं आलीस गं?' मी! शिपायाची पोर! "हसल्या त्याचं काही नाही, दादा. पण नंतर महिनाभर त्यांनी माझा वार स्वतःच झाडला. दया म्हणून. मला ती दया सोसली नाही. सगळ्या कॉलेजला गेल्या की मी कडी लावून एकटी झाडायची आणि तशी शिकले."

दादांनी माझ्या हातातली वही घेऊन मिटली. सौरभ दारात उभा होता, ते आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं.

"मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते खाली, फरशीवर बसले. मग अगदी सावकाश बोलले, जसं कुणा दुसऱ्याचंच सांगतायत.

"मी चौथीत होतो. धम्म घिऊन दोन वरसं झालती. आमच्या बापानं, म्हाळूनं, चावडी झाडायचं सोडून दिलतं. तवा गुरुजी म्हणले, बापानं सोडलं, आता पोरगं झाडंल. वर्ग झाडायचा. रोज. अन् शाळा भरायच्या आधी न्हाई बरं का, माये, समदे बसल्यावर. पोरं पाढे म्हणायची अन् मी वाकून फडा मारायचो. बारापस्तोरचे पाढे मी जमिनीकडं बघून पाठ केलेत. पर त्याचं बी काई न्हाई." त्यांनी बसल्याबसल्या पाय जवळ घेतले. "पोरं पाय उचलीत नव्हती. मी पायाच्या भवतीनं झाडायचो. चुकून फडा लागला की लाथ. बद्रीनाथ पहिल्या रांगंत बसायचा. त्यो वाईट नव्हता, त्यानं लाथ कधी मारली न्हाई. पर पाय त्यानंबी कधी उचलला न्हाई."

"दादा..."

"मोठा झालो, शिपाई झालो. त्यो झाडू पगाराचा, त्याची लाज न्हाई वाटली. पर ठरवलतं, माझ्या लेकराला झाडू येऊच द्यायचा न्हाई. ज्याला येतच न्हाई, त्याला कोण म्हणंल, तू झाड म्हून?" त्यांनी सौरभकडं बघितलं. "आता ह्यो बद्रीनाथच्या नातवासंगं ऱ्हायला चाललाय. मला झोप न्हाई, माये. एका खोलीत तिघं. झाडू आपोआप कुणाच्या हातात जातो, ते मला म्हाईत हाय."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. तळव्याला घट्टे आहेत, ते मी आयुष्यभर बघत आले होते. कुणासाठी ते मला त्या दिवशी कळलं. मी रडले, मोठ्यानं रडले, आणि मला त्याची लाज नाही.

सहसा असं काही झालं की सौरभ आत निघून जातो. त्या दिवशी गेला नाही. स्वयंपाकघरातनं पाणी घेऊन आला, आधी दादांना दिलं, मग मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी उठले, तर दादा झाडू घेऊन उभे आणि समोर सौरभ.

"आतल्या कोपऱ्यातनं दाराकडं यायचं," दादा सांगत होते. "धूळ उडवायची न्हाई, दाबून ओढायची. कॉटखाली आधी. अन् ऐक. तुझा वार असंल त्या दिशी असं झाड, की कुणी बोट दाखवू नये. दुसऱ्याचा वार असला, तर झाडूकडं बघायचंबी न्हाई. त्यो झोपला तर झोपू दे. केर तसाच ऱ्हाऊ दे. दोन दिस ऱ्हाऊ दे. नाकात धूळ गेली तरी चालंल. कळलं का?"

"कळलं."

"अन् हे तुझं तूच पयल्या दिशी बोलायचं. मी न्हाई येणार बोलायला."

सौरभनं मान हलवली. त्याचा चेहरा उतरला होता, मला दिसलं. भात, भाकरी, पंक्चर सगळं जमलं होतं त्याला. पण बद्रीनाथरावांच्या नातवाला तोंडावर 'आज तुझा वार' म्हणायचं, हे वहीत नसलेलं काम होतं, आणि ते बिघडवून बघायलाही मिळणार नव्हतं.

निघायच्या दिवशी स्टँडवर दादा आले नाहीत. दारातच उभे राहिले. सौरभ पाया पडला तेव्हा म्हणाले, "न्हाईच जमलं तर ये. पर एकोणीस दिसाच्या वर काढ."

मग आमचे दिवस सुरू झाले, वाट बघायचे. फोन आला की दादा जेवणाचं विचारायचे, कपड्यांचं विचारायचे. केराचं मात्र नाही. मी विचारायला गेले की हातानं थांबवायचे. एकोणीस दिवस झाले. वीस झाले. एकविसाव्या दिवशी, सोमवारी, मला सुट्टी होती आणि सकाळी सौरभचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन दादांच्या हातात दिला आणि मागं उभी राहिले.

सौरभ टेबलाशी पुस्तक उघडून बसला होता. जरा बारीक झाला होता, पण चेहरा मोकळा होता. मागं भिंतीवर एक कागद चिकटवलेला. दादांनी चष्मा वर केला.

"त्यो कागद कशाचा?"

"वारांचा आहे, दादा. पहिल्याच दिवशी केला. बोलताना मी दोनदा चुकलो. पण अभिमन्यू म्हणाला, बरं झालं तूच बोललास, मी पण तेच म्हणणार होतो. त्यानंच कागद आणला. केर, भांडी, पाणी, सगळं तिघांत. रविवारी तिघं मिळून."

"आज सोमवार," दादा म्हणाले. "सोमवार कुणाचा?"

सौरभनं फोन नुसता फिरवला.

उंचापुरा, गोरा, कानात बाळी घातलेला एक पोरगा वाकून खोली झाडत होता. बद्रीनाथरावांचा विजयसिंह. आणि कसा झाडत होता? दारापासून आत! मी तोंडावर हात ठेवला.

दादांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मी खालून हात लावला.

"ये पोरा," शेवटी दादा म्हणाले. "आत कावून झाडायलास? केर काय घरात ठिवायचाय का? कोपऱ्यातनं दाराकडं ये."

विजयसिंह दचकला, फोनकडं बघून ओशाळला. "नमस्कार दादा. घरी कधी झाडलं नाही ना."

"आमच्या पोरीलाबी येत नव्हतं. येतंय हळूहळू. दाबून ओढ, उडवू नको."

तो आतल्या कोपऱ्यात गेला आणि पुन्हा सुरुवात केली. दाबून ओढत, हळूहळू टेबलापर्यंत आला. सौरभ फोन धरून बसलेला, पाय जमिनीवर तसेच.

"सौरभ!" दादा असे ओरडले की मी मागं सरले. "पाय उचल!"

सौरभनं चटकन दोन्ही पाय वर घेतले. विजयसिंहनं खालची धूळ ओढली आणि पुढं गेला. दादांनी फोन माझ्या हातात दिला, उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी मागं गेले नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी त्यांच्या आधी उठले. ते झाडू घेऊन आले तेव्हा मी हात पुढं केला. म्हटलं, "आज मंगळवार. माझा वार."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, झाडूकडं बघितलं. मग दिला. मूठ अजून कोमट होती, ते इतका वेळ हातात धरूनच उभे होते. ते दिवाणावर जाऊन बसले. मी आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, दिवाणाखालून झाडलं, दाबून, धूळ न उडवता, आणि त्यांच्या पायांजवळ आले. मला काही म्हणावं लागलं नाही. माझ्या शहात्तर वर्षांच्या बापानं दोन्ही पाय वर उचलले आणि मी पुढं जाईपर्यंत तसेच धरून ठेवले.